विषयांतराचे दहा किलोमीटर

फोनमधली बाई शेवटच्या दिवशी मला इंग्रजीत शाबास म्हणाली आणि कायमची गप्प झाली.

नऊ आठवडे तिने मला सांभाळलं होतं. एक मिनिट पळा, आता दीड मिनिट चाला, आता पुन्हा पळा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला इतक्या स्पष्ट आणि न चिडता दिलेल्या सूचना सहसा कुठे मिळत नाहीत. हा नवशिक्यांचा कार्यक्रम मुलीने माझ्या फोनमध्ये घालून दिला होता. रक्तातली साखर काठावर आली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, "चालायला तू गेली दहा वर्षं उद्यापासून जातोयस, बाबा. आता पळून बघ." पळून बघितलं. नवव्या आठवड्याच्या शेवटी मी न थांबता पाच किलोमीटर पळालो, घरी येऊन सोफ्यावर बसलो आणि बायकोला म्हणालो, "झाले पाच." ती म्हणाली, "चहा गाळून ठेवलाय. बूट दाराबाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे बूट घालून, फोन हातात धरून फाटकाशी उभा राहिलो. स्क्रीनवर नऊही आठवड्यांपुढे हिरव्या खुणा होत्या आणि त्यापुढे काहीच नव्हतं. किती पळायचं, कधी थांबायचं, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

माझ्या वयाच्या लोकांना हा प्रसंग नवा नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा कारखान्याने किती माल काढायचा हेसुद्धा परवान्यावर लिहून यायचं. मग एके वर्षी सांगण्यात आलं की आता तुम्ही मोकळे, हवा तेवढा काढा. आमचे तेव्हाचे मोठे साहेब पुढचा महिनाभर असेच बूट घालून फाटकाशी उभे असल्यासारखे दिसायचे.

मी स्वतः भोसरीच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काम करतो. इतर खात्यांची मापाची साधनं खरं बोलतात की नाही, हे तपासायचं काम. बाहेरदेशची गिऱ्हाइकं यायला लागल्यावर या खोलीला महत्त्व आलं आणि वातानुकूलन यंत्रही आलं. ते साधनांसाठी होतं, पण मी साधनांशेजारी बसत असल्यामुळे त्याचा लाभ मलाही झाला. सांगायचा मुद्दा असा, की अंदाजे या शब्दावर माझा विश्वास नाही. पळायची फेरीसुद्धा मी आधी मोजून घेतली होती. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीचं फाटक, तिथून नदीकाठच्या रस्त्याने लग्नाच्या लॉन्सवरून पुढे, मग आतल्या गल्लीने वळून पुन्हा फाटक, असे साडेतीन किलोमीटर.

त्याच आठवड्यात मुलीने जेवताना सांगितलं की तिला कंपनी दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवते आहे. जायला दोन महिने होते. हिंजवडीत नोकरी धरलेल्या मुलांच्या घरी हे वाक्य कधी ना कधी बोललं जातंच, त्यामुळे आम्ही दोघांनीही तयारी असल्यासारखं "अरे वा" म्हटलं. बायकोने तिला आणखी एक पोळी वाढली, जी तिला नको होती.

मग मुलगी मला म्हणाली, "जायच्या आधी एकदा आपण दोघं घरापासून बुधवार पेठेतल्या गणपतीपर्यंत पळत जायचं. आणि पळतच परत यायचं."

ती लहान असताना मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून त्या गणपतीला न्यायचो. घरातून निघून पहिला चौक यायच्या आधीपासून ती विचारायला लागायची, "आलं का?" म्हात्रे पुलावर विचारायची, नारायण पेठेत विचारायची आणि मूर्ती समोर दिसत असतानाही सवयीने एकदा विचारायची.

"किती होईल?" मी विचारलं.

"येऊन-जाऊन दहा."

मी त्याच रात्री नकाशावर मोजलं आणि सकाळी तिला सांगितलं की दहा नाही, साडेदहा आहे.

"वरचा अर्धा माझ्याकडून भेट समज," ती म्हणाली.

मी त्रैराशिक मांडलं. पाच किलोमीटरला नऊ आठवडे, तर साडेदहाला किती? उत्तर एकोणीस आठवड्यांच्या आसपास येत होतं. हातात होते आठ. म्हणजे मला दुपटीहून जास्त घाई करावी लागणार होती.

"पायांना त्रैराशिक येत नाही," बायको म्हणाली.

ते तिचं म्हणणं खरं ठरलं. पाच किलोमीटरपर्यंत मी व्यवस्थित जायचो, साडेपाचला छाती भात्यासारखी व्हायची आणि सहाला पाय माझे नसल्यासारखे वागायचे. पहिल्या आठवड्यात सहा, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात मी आणखी जोर लावला तेव्हा साडेपाच. त्या तिसऱ्या वेळी मी गणपतीची वाट धरून पुलापलीकडून परत येत होतो आणि म्हात्रे पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिलो. बाजूला रिक्षा होती. मी "कर्वेनगर" म्हणालो.

रिक्षावाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पळायच्या कपड्यात आहात की," तो म्हणाला. "पळा." आणि पेपर वाचायला लागला.

मी चालत घरी आलो. पाच आठवडे उरले होते. मुलगी नव्या माणसाला काम समजावून देण्याच्या गडबडीत होती. संध्याकाळी तिकडच्या लोकांशी फोन आणि सकाळी झोप. रविवारी ती उठली तेव्हा मी तिला सगळा हिशोब सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला नाही.

"बाबा, तू पाच किलोमीटरच्या वेगाने दहा पळायला बघतोयस. लांब पळायचं असेल तर हळू पळावं लागतं. इतकं हळू, की पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे."

"कोणाशी?"

"कोणाशीही. ते माप आहे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे."

हे मला पटलं, कारण त्यात माप होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "मी बोलायला लागले की तुमचा वेग वाढतो, हे मी चोवीस वर्षं बघतेय."

तेव्हा मी माझ्यापुरता तोडगा काढला. बोलायला माणूस नसेल तर पाढे म्हणायचे. एकवीसपासून तीसपर्यंत, मोठ्याने. दम लागला की पाढा तुटणार, पाढा तुटला की वेग कमी करायचा. शिवाय एकोणतीसचा पाढा हे आमच्या शाळेत फार नाजूक साधन समजलं जायचं. जो घाईत आहे तो त्यात हमखास सापडतो.

नदीकाठच्या रस्त्यावर पहाटे तशी वर्दळ कमी असते. लॉन्समधल्या रात्रीच्या लग्नाच्या खुर्च्या एकावर एक रचण्याचा आवाज, विझलेल्या भट्टीचा वास, बसची वाट बघत गळ्यात ओळखपत्र अडकवून उभी असलेली, अर्धी झोपेतली मुलं. त्यातून मी "तेवीस चोक ब्याण्णव" म्हणत जाऊ लागलो. मुलांनी कानातल्या तारा काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत घातल्या. एका लॉनचा रखवालदार दोन दिवस नुसता बघत राहिला, तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाला, "काका, परीक्षा हाय व्हय?"

"हो," मी म्हणालो, कारण तेवढंच बोलण्याइतका दम होता. म्हणजे वेग अजून जास्तच होता.

इथे आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांबद्दल सांगायला हवं. ते एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, काटक. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते आमच्या बरोबर खाली. आमचा सहा वर्षं अबोला होता.

कारण सोपं होतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना ते बोलायला उभे राहिले, आणि टाकी सोडून जगातल्या बाकी सगळ्या पाण्याबद्दल बोलले. अध्यक्षांनी अखेर त्यांना मध्येच थांबवून मतदान घेतलं. मी सचिव होतो. सभेच्या इतिवृत्तात मी लिहिलं: "एका सभासदांनी वीस मिनिटे विषयांतर केले." त्यांनी ते वाक्य काढायला सांगितलं. मी म्हणालो, घडलं ते लिहिलं आहे. ते म्हणाले, आपण सचिव आहात की पंचनामा करणारे हवालदार? तेव्हापासून आमचा सगळा व्यवहार जिन्यातल्या फळ्यावरून चाले. "वरच्या मजल्यावरील सभासदांनी कुंड्यांना पाणी घालताना खाली वाळत घातलेल्या कपड्यांचा विचार करावा." "खालच्या मजल्यावरील सभासदांनी कपडे वाळत घालताना गुरुत्वाकर्षणाचा विचार करावा." वगैरे.

आता गंमत अशी, की त्यांच्या सुनेने त्यांच्याही फोनमध्ये तोच कार्यक्रम घालून दिला होता. तीच बाई, तेच नऊ आठवडे. आम्ही दोघंही साधारण त्याच सुमारास घराबाहेर पडायचो. पहिल्याच दिवशी ते फाटकातून उजवीकडे वळलेले पाहून मी डावीकडे वळलो. त्यात माझी हिशोबाची चूक झाली. दोन माणसं एकाच गोल वाटेवर उलट दिशांनी पळाली, तर एका फेरीत दोनदा समोरासमोर येतात. मी मुकाट्याने त्यांच्या मागे ठराविक अंतर ठेवून पळालो असतो, तर ते मला एकदाही भेटले नसते. हे माझ्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. पण तोवर दिशा बदलणं हे माघार घेतल्यासारखं दिसलं असतं. त्यामुळे नऊ आठवडे आम्ही प्रत्येक फेरीत दोनदा भेटत होतो आणि दोनदा नदीकडे बघत होतो.

त्या दिवशी पहिलीच अर्धी फेरी होत आली होती, वेग पुन्हा वाढला होता आणि मी एकोणतीसच्या पाढ्यात होतो. ते समोरून आले. मी नदीकडे बघत म्हणालो, "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, एकोणतीस साते दोनशे दहा—"

"तीन," ते म्हणाले आणि निघून गेले.

सहा वर्षांनंतर त्यांनी माझ्याशी उच्चारलेला हा पहिला शब्द. दोनशे दहा नव्हे, दोनशे तीन. आमच्या शहरात माणूस आयुष्यभर अबोला धरू शकतो, पण कानावर पडलेली चूक तशीच जाऊ देणं त्याला जमत नाही.

पुढची अर्धी फेरी मी उत्तर तयार करण्यात घालवली. ते समोर आल्यावर म्हणालो, "दम लागला होता."

त्यांना यावर उत्तर द्यायला वेळ नव्हता. पण त्यांनाही अर्धी फेरी मिळाली. पुढच्या भेटीला त्यांनी ते तयार करून आणलं होतं. "पाढ्याला दम लागत नाही. माणसाला लागतो. हळू पळा."

अशा रीतीने आमचा संवाद सुरू झाला. एका भेटीत एक वाक्य, मग पावणेदोन किलोमीटर विचार. माझ्या माहितीत इतक्या विचारपूर्वक झालेलं संभाषण दुसरं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कुठपर्यंत येतात?" अर्ध्या फेरीनंतर उत्तर आलं, "पाढे सगळ्यांना येतात. औटकी येते का?"

औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. माझ्या वेळी शाळेतून तो गेला होता. आमची मजल दिडकीवर थांबली. मी पुढच्या भेटीत प्रामाणिकपणे "नाही" म्हणालो. त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते अर्धी फेरी पुरलं असणार, कारण पुढच्या भेटीत ते नुसते हसून गेले.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांच्यासाठी वाक्य तयार ठेवायचं म्हणून मी दम राखून पळत होतो. त्या शनिवारी सहाचा टप्पा कधी मागे पडला ते कळलं नाही. दोन पूर्ण फेऱ्या, सात किलोमीटर.

मात्र एका भेटीत एक वाक्य ही व्यवस्था त्यांच्या स्वभावाला फार काळ पुरणारी नव्हती. चार आठवडे उरले असताना ते समोरून येता येता बोलायला लागले, "तुम्ही जे परवा म्हणालात ना, की टाच आधी टेकवावी, तर त्याचं असं आहे की आमच्या बँकेत एक शिपाई होता, तो—" आणि तोवर आम्ही एकमेकांना ओलांडलं. मागे पावलांचा आवाज थांबला. मग तो आवाज माझ्या दिशेने यायला लागला. वाक्य पूर्ण करण्यासाठी ते वळले होते.

"तो दोन्ही पायांत वेगळ्या मापाचे बूट घालायचा," ते माझ्या शेजारी येऊन म्हणाले, आणि त्या शिपायाचं पुढे काय झालं, हे ऐकता ऐकता आम्ही फाटकाशी आलो.

बायको गॅलरीत होती. मी वर गेल्यावर म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच बाजूने येताना दिसलात. मला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा."

त्या दिवसापासून आम्ही डावीकडून पळायला लागलो. का डावीकडून, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विजय साजरा केला नाही.

ते बोलायचे. मी "हं" म्हणायचो. बस थांब्यांचे जुने क्रमांक, व्याजदर उतरल्यावर माणसं कशी बदलली, पूर्वी कर्वेनगरात संध्याकाळी सातनंतर रिक्षा यायला कशी तयार नसायची, कुठल्या डेअरीचं दूध का नासतं. एका विषयातून दुसऱ्या विषयात ते इतक्या सहज जायचे की शिवण दिसायची नाही. मुलीला मी सांगितलं, की बोलतात ते, मी नाही. मग हे माप लागू होतं का?

"ते पळताना बोलू शकतायत आणि तू त्यांच्याबरोबर आहेस," ती म्हणाली. "म्हणजे झालं ना."

मी विचार केला, तिचं बरोबर होतं. त्या गृहस्थांना गप्प राहणं शक्य नव्हतं, म्हणून वेगाने पळणं शक्य नव्हतं, म्हणून मलाही शक्य नव्हतं. आमच्या खोलीत अशा वस्तूला प्रमाण गेज म्हणतात. दुसऱ्याची चूक दाखवायला ते शेजारी नुसतं ठेवलं तरी पुरतं. सात, मग आठ. शेवटच्या आधीच्या आठवड्यात आठावर थांबलो. नऊ किंवा दहा मी पळून पाहिले नाहीत. मुलगी म्हणाली, पाहायचे नसतात, शेवटचे त्या दिवशीच होतात. मला हे शास्त्रीय वाटलं नाही. पण तिची पेटी भरून झाली होती, पळायचं रविवारी ठरलं होतं आणि त्यानंतरच्या गुरुवारी विमान होतं.

रविवारी पहाटे आम्ही दोघं खाली उतरलो. फाटकाशी ते गृहस्थ उभे. पांढरे कॅनव्हासचे बूट, हाफ पँट, वर बँकेच्या काळातला पूर्ण बाह्यांचा स्वेटर.

"काका, तुम्हीपण?" मुलीने विचारलं.

"मी आपला सहज," ते म्हणाले. "गणपतीला बऱ्याच दिवसांत गेलो नव्हतो."

जाताना छान गेलं. रस्ते मोकळे होते, गारवा होता, आणि ते म्हात्रे पुलापासून नारायण पेठेपर्यंत पुण्यातले पूल या एकाच विषयावर बोलले, म्हणजे त्यांच्या मानाने मौनच. पेठेत दुकानांची फळकुटं अजून बंद होती. बुधवारात फुलवाल्यांनी नुकत्याच टोपल्या सोडल्या होत्या. आम्ही रस्त्यावरूनच हात जोडले. मुलगी डोळे मिटून जरा जास्त वेळ उभी राहिली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

परत निघालो आणि माझं बिघडायला लागलं. काय बिघडलं ते आधी कळेना. मग कळलं की आवाज बंद झाला आहे. गृहस्थ आमच्या दहा-पंधरा पावलं मागे राहिले होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. मुलगी माझ्या शेजारी होती. ती बेताने पळत होती, पण तिचं बेताने आणि माझं बेताने यात सत्तावीस वर्षांचा फरक आहे. शिवाय मला तिच्यापुढे थकलेलं दिसायचं नव्हतं. नारायण पेठ गेली, नवी पेठ आली, छातीचा भाता सुरू झाला. सात किलोमीटर झाले होते. म्हात्रे पुलाचा तोच कठडा समोर दिसायला लागला. रिक्षाही होती. तोच रिक्षावाला होता की दुसरा, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

"बाबा, थांबू या का?" मुलीने विचारलं.

थांबलो असतो तर ती काही म्हणाली नसती. उलट पाठीवर हात ठेवून चालत आली असती, आणि हे सगळं तिच्या डोक्यात तसंच तिकडे गेलं असतं: बाबा पुलावर थांबला होता. दोन वर्षं. मी मान हलवून नाही म्हणालो आणि मापासाठी पाढा धरला. "एकोणतीस चोक... एकशे सोळा. एकोणतीस पाचे एकशे... पंचेचाळीस. एकोणतीस सक... एकोणतीस साते..."

"दोनशे तीन," मागून आवाज आला.

"अहो, मागे काय राहताय?" मी कसंबसं म्हणालो. "पुढे या."

"चालू द्या तुमचं बापलेकीचं. मी मध्ये कशाला."

म्हणजे ते दमले नव्हते. ते आम्हाला जागा देत होते. एवढा गप्प बसण्याचा त्याग त्यांनी आयुष्यात कोणासाठी केला नसेल, आणि नेमका तोच मला भोवत होता.

"बापलेकीतल्या बापाला दम लागलाय," मी म्हणालो. "तुम्ही बोला काहीतरी."

"काय बोलू?"

अशी वेळ त्यांच्यावर प्रथमच आली असावी. मी पुलाच्या कठड्याकडे बघितलं आणि जे सुचलं ते म्हणालो. "त्या सभेत तुमचं बोलणं अर्धं राहिलं होतं. टाकीचं. ते पूर्ण करा."

पावलांचा आवाज जवळ आला. ते माझ्या डाव्या हाताला आले.

"सहा वर्षांनी विचारताय."

"आत्ता वेळ आहे."

"किती?"

"तीन किलोमीटर. थोडे वरच."

त्यांनी जरा विचार केला. "पुरावेत," ते म्हणाले, आणि आपोआप वेग उतरला. "मुळात पाणी हा विषय टाकीपासून सुरूच होत नाही."

मुलीने पलीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

पाणी हा विषय त्यांच्या मावशीच्या गावच्या विहिरीपासून सुरू होत होता. विहिरीला तेरा पायऱ्या होत्या आणि तेरावी का दिसायची नाही, याला एक कारण होतं. त्या कारणात मावशीचे दीर होते. दिरांचं एक दुभतं जनावर होतं. आम्ही पूल ओलांडला. कठडा मागे गेला, रिक्षाही मागे गेली. लॉन्सचा रस्ता लागला. माझा श्वास त्या दिरांच्या गोष्टीत कुठेतरी जागेवर आला. रखवालदाराने आम्हा तिघांना पाहिलं, पाढे नाहीत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने विचारलं, "झाली काय परीक्षा?"

"चालू आहे," मुलगी म्हणाली.

मध्येच ते थांबले, म्हणजे बोलायचे थांबले, आणि म्हणाले, "आणि तुम्ही वीस मिनिटं लिहिलीत."

"बावीस होती. दोन मी सोडली होती."

"हे तेव्हा सांगायचं होतं."

"काय केलं असतंत?"

"दोन मिनिटांबद्दल आभार मानले असते आणि विसांबद्दल भांडलो असतो. तर ती विहीर..."

आठ मागे पडले. त्यापुढचं सगळं मला नवं होतं, पण ते अंतर नवं आहे हे आठवायला मला सवड नव्हती, कारण दिरांचं जनावर विहिरीत उतरलं होतं. पोटऱ्या दुखत होत्या. त्या दुखू दिल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची सायकल दिसली तेव्हा मी मुलीला विचारलं, "आलं का?"

तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. "आलं, आलं," ती म्हणाली. स्कूटरवर मी तिला हेच उत्तर द्यायचो, आणि तेव्हाही ते दर वेळी खरं नसायचं. तिने माझं कोपर एकदा दाबलं आणि सोडलं.

फाटकाला हात लावून आम्ही थांबलो. तिघंही वाकून, गुडघ्यांवर हात. गृहस्थांनी आधी श्वास घेतला.

"तीन औट साडेदहा," ते मला म्हणाले. "हा पाढा आता तरी पाठ करा."

"आणि टाकी?" मी विचारलं.

"येतोच आहे टाकीवर. मुद्दा असा, की त्या विहिरीचं पाणी—"

"अहो, तिला अंघोळ करायची आहे," बायको वरून गॅलरीतून म्हणाली. "आणि पोहे गार होतायत. काका, तुम्हीही वर या. मुद्दा घेऊन या."

ते आले. पोहे खाल्ले, मुलीला तिकडच्या थंडीबद्दल, विमानातल्या पाण्याबद्दल आणि पाण्यावरून पुन्हा एकदा मावशीबद्दल सांगितलं. जाताना दारात तिच्या हातावर साखर ठेवली.

गुरुवारी ती गेली. पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा आमच्याकडे सकाळ होती आणि मी नुकता पळून येऊन बूट सोडत होतो. प्रवास ठीक झाला, खोली बरी आहे, बाहेर बर्फ आहे, एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, काकांचा मुद्दा काय निघाला?"

"आज आठ किलोमीटर झाले," मी म्हणालो. "अजून विहिरीतच आहेत."